एकसंब्याचे जी. ए. : टपालाने मुंबई गाठलेले लेखक

आपल्या मंडळातील लिहिणारी मंडळी आम्हाला नेहमी विचारतात, हस्तलिखित कुठे पाठवावे? ओळख नसेल तर ते कोणी वाचेल का? आपण पुण्या-मुंबईपासून लांब, म्हणून मागे पडतो, असेही बेळगाव-निपाणीकडच्या अनेकांना वाटते. त्यांच्यासाठी आपल्याच भागातील एका थोर लेखकाची ही थोडक्यात ओळख.

गुरुनाथ आबाजी कुलकर्णी, म्हणजेच जी. ए., यांचा जन्म १० जुलै १९२३ रोजी चिकोडी तालुक्यातील एकसंबा येथे झाला. निपाणीहून हे गाव फार दूर नाही. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले. शिक्षण बेळगावात झाले. पुढे धारवाडच्या जे. एस. एस. कॉलेजात त्यांनी सुमारे तीस वर्षे इंग्रजी शिकवले. सभासमारंभांत ते जात नसत. काळा चष्मा घातलेला त्यांचा फोटो तेवढा सर्वांच्या परिचयाचा.

इंग्लंड-अमेरिकेत लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये एजंट असतो. मराठीत ही पद्धत रुजली नाही. लेखकाने कथा मासिकाकडे पाठवायची, संपादकाने ती वाचून ठेवायची किंवा परत करायची, आणि पुरेशा कथा छापून झाल्या की संग्रहाचा विचार व्हायचा. त्या काळी ‘सत्यकथा’ मासिकाची चाळणी सर्वांत बारीक मानली जाई. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे तिथले संपादक. जी. एं.च्या अनेक कथा या मासिकात आल्या.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी, धारवाड हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. लेखक एका राज्यात, प्रकाशक दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती झाली. टपालाला मात्र सीमा आडवी आली नाही. तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने ‘निळा सावळा’ हा त्यांचा पहिला संग्रह काढला. त्यामागोमाग ‘पारवा’, ‘हिरवे रावे’, ‘रक्तचंदन’ आणि १९७२ चा ‘काजळमाया’ आला. मुक्काम शेवटपर्यंत धारवाडलाच होता असे नाही, पण ही सारी पुस्तके धारवाडला राहूनच झाली.

‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तक नेमके केव्हा प्रसिद्ध झाले, यावरून मग वाद उठला. आम्ही आयुष्यभर बँकेत काम केले. व्हाउचरवरील तारखेचा घोळ म्हणजे काय, हे आम्हाला सांगायला नको. तिथे सही करणाऱ्याला झोप लागत नाही. इथे कथांच्या गुणवत्तेबद्दल कोणाला शंका नव्हती, प्रश्न तारखेचा होता. वाट पाहून वाद शमू देणे सोपे होते. जी. एं.नी पुरस्कार परत केला. त्या काळी तो ५००० रुपयांचा होता आणि प्राध्यापकाच्या घरात ही रक्कम लहान नव्हती. पण नावाला डाग नको, एवढा एकच हिशेब त्यांनी केला.

त्यानंतर ‘सांजशकुन’, ‘रमलखुणा’, ‘पिंगळावेळ’ आले. कॉनराड रिक्टरच्या कादंबऱ्याही त्यांनी ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ अशा मराठीत आणल्या. अखेरची वर्षे पुण्यात गेली आणि ११ डिसेंबर १९८७ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. माणसांत न मिसळणाऱ्या या लेखकाने पत्रे मात्र भरभरून लिहिली. त्यांच्या निवडक पत्रांचे चार खंड प्रसिद्ध आहेत. इच्छुकांनी ते जरूर वाचावेत.

ज्यांची वही कपाटात पडून आहे, त्यांना आमची विनंती एवढीच. आधी एकच कथा नीट उतरवून काढा, ज्या मासिकाला पाठवायची त्याचे दोनचार अंक वाचा, सोबत चार ओळींचे साधे पत्र जोडा आणि पाठवून द्या. परत आली तर पुन्हा वाचा, सुधारा, दुसरी लिहा. एकसंब्यापासून मुंबईचे अंतर तेव्हाही एवढेच होते.