चार्ल्स ब्लॅकली : स्वतःवर प्रयोग करून ॲलर्जीचे कारण शोधणारा डॉक्टर

‘हे फिव्हर’ या आजारात सहसा ताप येत नाही. उन्हाळ्यात नाक गळते, डोळे चुरचुरतात, शिंका थांबत नाहीत आणि काहींना दमाही लागतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले डॉक्टर यासाठी ऊन, धूळ, ओझोन किंवा वाळल्या गवताचा वास अशी वेगवेगळी कारणे देत. खरे कारण शोधले ते चार्ल्स हॅरिसन ब्लॅकली यांनी.

ब्लॅकली यांचा जन्म १८२० साली इंग्लंडमधील बोल्टन येथे झाला. आधी त्यांनी मँचेस्टरमध्ये छपाईचे काम शिकले. वनस्पतिशास्त्र आणि सूक्ष्मदर्शकाची त्यांना आवड होती. पस्तिशीत त्यांनी वैद्यकीय शिक्षण सुरू केले आणि पुढे मँचेस्टरमध्येच होमिओपॅथीचा व्यवसाय केला.

त्यांना स्वतःलाच हे फिव्हरचा त्रास होता. १८५९ पासून त्यांनी एकेक संशयित कारण स्वतःवर तपासायला सुरुवात केली. बाकीच्या कारणांनी नेहमीचा त्रास काही होईना. गवताचे परागकण नाकात जाताच मात्र शिंका सुरू झाल्या.

मग त्यांनी हाताची कातडी दोन ठिकाणी किंचित खरवडली. एका जागी राय गवताचे ओले परागकण लावले, दुसरी जागा तुलनेसाठी तशीच ठेवली. परागकण लावलेली जागाच खाजून सुजली.

पण हवेत परागकण असतात किती? हे मोजण्यासाठी त्यांनी चिकट द्रव लावलेल्या काचपट्ट्या उघड्यावर ठेवल्या आणि त्यांवर अडकलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. गवत फुलायच्या दिवसांत कण वाढत, तसा त्यांचा त्रासही वाढे. पतंगाला काचपट्ट्या बांधून त्यांनी १००० फुटांहून उंचावरची हवाही तपासली. तिथेही परागकण सापडले. म्हणजे वारा ते दूरवर नेऊ शकतो. शेतापासून लांब, शहरात राहणाऱ्यांनाही हा त्रास का होतो, याचे उत्तर त्यातून मिळाले.

१८७३ मध्ये त्यांनी हे संशोधन पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. १९०० साली त्यांचे निधन झाले. ‘ॲलर्जी’ हा शब्द तयार झाला त्यानंतर, १९०६ मध्ये. १९११ मध्ये लंडनमध्ये गवताच्या परागकणांच्या अर्काची इंजेक्शने देऊन या आजारावर उपचार सुरू झाले.

आजही ॲलर्जीच्या तपासणीत हातावर थेंब ठेवून हलके टोचतात आणि कुठे गांध उठते ते पाहतात. त्या चाचणीची सुरुवात ब्लॅकली यांनी आपल्याच हातावर केली होती.