संयमाचा शल्यविशारद : सर हॅरल्ड गिलीज

नाकावरील शस्त्रक्रियेनंतर पट्टी निघते आणि आरशात सुजलेले, अनोळखी नाक दिसते. शस्त्रक्रिया फसली, ती पुन्हा करून घ्यावी, असा विचार अनेक रुग्णांच्या मनात त्याच क्षणी डोकावतो. अशा वेळी थांबावे की पुन्हा शस्त्र हाती घ्यावे, हा पेच ज्यांच्यासमोर हजारो वेळा उभा राहिला, ते सर हॅरल्ड गिलीज आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे जनक मानले जातात.

गिलीज यांचा जन्म १७ जून १८८२ रोजी न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे झाला. बालपणीच्या अपघातामुळे त्यांचा एक कोपर कायमचा आखडला होता. तरीही केंब्रिजमध्ये शिकत असताना १९०४ च्या प्रसिद्ध नौकाशर्यतीत त्यांनी विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केले. गोल्फमध्येही त्यांनी नाव मिळवले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून ते कान-नाक-घशाचे तज्ज्ञ झाले. स्थिर आणि सुखवस्तू आयुष्य समोर दिसत असतानाच पहिले महायुद्ध पेटले.

१९१५ साली फ्रान्समध्ये त्यांनी चेहऱ्याच्या जखमांवर चालणारे उपचार जवळून पाहिले. खंदकातून डोके वर काढणाऱ्या सैनिकाचा चेहराच तोफगोळ्याच्या तुकड्यांना बळी पडत असे. अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग हवा, हे त्यांनी लष्कराच्या गळी उतरवले आणि १९१६ च्या प्रारंभी ऑल्डरशॉट येथे तो सुरू झाला. सोमच्या लढाईच्या वेळी २०० खाटांची तयारी केली असता तेथे सुमारे २००० जखमी येऊन दाखल झाले. ही जागा अपुरी पडल्याने १९१७ मध्ये सिडकप येथे क्वीन्स हॉस्पिटल उभे राहिले. तेथे ५००० हून अधिक सैनिकांवर ११,००० हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. वॉर्डांत आरसे ठेवण्यास मनाई होती. चेहरा गमावलेल्या माणसाच्या मनाची अवस्था डॉक्टरांना ठाऊक होती.

नाकाचा प्रश्न सर्वांत अवघड होता. कपाळावरची त्वचा वळवून नाक घडवण्याची पद्धत मूळची भारतातली. १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानावर अशी शस्त्रक्रिया झाल्याचा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या नियतकालिकात छापून आला आणि तेव्हापासून युरोपने ही पद्धत स्वीकारली. मात्र नुसत्या त्वचेचे नाक कालांतराने आक्रसते, हे गिलीज यांच्या ध्यानात आले. आतून अस्तर, मध्ये कूर्चेचा आधार आणि वर त्वचा, हे तिन्ही थर पुन्हा उभे केल्याशिवाय नाक टिकत नाही, हा त्यांचा सिद्धान्त आजही प्रमाण मानला जातो.

लेफ्टनंट विल्यम स्प्रेक्ली हा त्यांचा या बाबतीतला गाजलेला रुग्ण. नाक गमावलेला हा अधिकारी १९१७ च्या जानेवारीत त्यांच्याकडे आला. गिलीज यांनी बरगडीलगतची कूर्चा काढून आधी कपाळाच्या त्वचेखाली रुजवली आणि मग ती त्वचेसह खाली वळवली. नवे नाक इतके अवाढव्य दिसू लागले की सहकाऱ्यांना हसू आवरेना. ते नाक काढून टाकणे सोपे होते. गिलीज यांनी तसे केले नाही. सूज ओसरत गेली, आकार हळूहळू बसत गेला आणि १९२० च्या ऑक्टोबरमध्ये स्प्रेक्ली रुग्णालयातून बाहेर पडला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर एक सुबक नाक होते. त्यासाठी पावणेचार वर्षे लागली होती.

घाईचे परिणामही गिलीज यांनी पाहिले. हेन्री लम्ली हा तरुण वैमानिक विमान अपघातात होरपळला होता. १९१८ च्या फेब्रुवारीत त्याच्या छातीवरील त्वचेचा मोठा भाग एकाच वेळी चेहऱ्यावर बसवण्यात आला. थकलेल्या शरीराला तो ताण पेलवला नाही. कलम सडले आणि मार्चमध्ये लम्लीचा मृत्यू झाला. हा घाव गिलीज यांच्या जिव्हारी लागला. जे काम उद्यावर टाकणे रुग्णाच्या हिताचे आहे ते आज करू नये, हा दंडक त्यांनी पुढे आयुष्यभर पाळला आणि शिष्यांनाही शिकवला. पुढची शस्त्रक्रिया केव्हा करायची, हे रुग्णाच्या अधीरतेवरून ठरवायचे नसते, ऊतींची सूज, रक्तपुरवठा आणि रुग्णाची ताकद पाहून ठरवायचे असते, हा त्या दंडकाचा अर्थ.

१९२० मध्ये त्यांचा चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९३० मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. दुसऱ्या महायुद्धात बेसिंगस्टोकजवळील रुक्सडाउन हाउस येथे त्यांनी पुन्हा जखमींची सेवा केली. १९४६ मध्ये ब्रिटनमधील प्लास्टिक सर्जन संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले. ऑगस्ट १९६० मध्ये शस्त्रक्रिया करीत असतानाच त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १० सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले.

आज नाकावरील शस्त्रक्रिया युद्धातल्या जखमींपुरती राहिलेली नाही. साधने बदलली, भूल सुरक्षित झाली. शरीराची गती मात्र तीच आहे. नाकाच्या शेंड्यावरची सूज सर्वांत उशिरा उतरते. श्वासाचा गंभीर अडथळा किंवा तशी तातडीची अडचण नसेल, तर दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेचा विचार करण्यापूर्वी साधारणपणे वर्षभर थांबावे, असा सल्ला शल्यविशारद देतात. कित्येकदा तेवढ्या अवधीत दुरुस्तीची गरजच उरत नाही. गरज उरलीच, तर मऊ पडलेल्या ऊतींवर काम करणे सुकर होते. सिडकपच्या वॉर्डांत गिलीज यांनी जपलेल्या संयमाची ही आजची फलश्रुती आहे.