पंडिता रमाबाई व केडगावचे मुक्तिसदन

दुष्काळ या शब्दाचा अर्थ आपल्या आष्टी तालुक्यातील मुलांस कोशात पाहावा लागत नाही. वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून १९७२ सालच्या दुष्काळाची हकीकत ऐकतच येथील मुले वाढतात. आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी निघणाऱ्या बैलगाड्या व ट्रक पाहिले म्हणजे पाऊस व पोट यांचे नाते त्यांस न शिकवताच कळते. म्हणून ज्या थोर स्त्रीने स्वतः दुष्काळाची झळ सोसली, आणि पुढे दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींस आश्रय दिला, तिचे चरित्र आपल्या वाचकांस परके वाटणार नाही, असा भरवसा वाटतो. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई होय.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण असून स्त्रियांनी संस्कृत शिकावे असे त्यांचे ठाम मत होते. त्या काळी हे मत म्हणजे केवढे धाडस! त्यांनी प्रथम आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविले, आणि लक्ष्मीबाईंनी पहाटेच्या अंधारात आपल्या धाकट्या कन्येकडून पाठ करवून घेतले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरे, पुराण सांगे आणि मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करी. अशा भटकंतीत रमाबाईंस हजारो श्लोक मुखोद्गत झाले. परंतु चूल कशी चालवावी, पैसा कसा मिळवावा, हातांनी कोणता धंदा करावा, हे मात्र कोणी शिकविले नाही.

पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकावयास कोणाजवळ वेळ उरला नाही व दक्षिणा द्यावयास पैसा उरला नाही. प्रथम दागिने गेले, मग चांगली वस्त्रे, मग तांब्यापितळेची भांडी. हलके काम करण्याची लाज वाटे, भीक मागण्याचीही लाज वाटे, आणि काम करावे म्हटले तरी येत काहीच नव्हते. शेवटी रानातील पाला व बोरे खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. त्या दिवसांत वडील गेले, थोड्याच काळात आई गेली, मग थोरली बहीणही गेली. उरली ती दोन भावंडे, श्रीनिवास व रमा. त्या दोघांनी अनवाणी पायांनी हजारो मैल हिंदुस्थान पालथा घातला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. पुढे रमाबाईंनी जे जे केले त्याचे बीज याच दुःखात आहे. भुकेलेल्यास अन्न हवेच. पण ज्याच्या हातांस काम येत नाही, त्याची भूक एका जेवणाने संपत नाही, हा धडा त्या ग्रंथांतून नव्हे, तर उपाशी पोटी शिकल्या.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या तरुण मुलीची परीक्षा घेतली आणि तिच्या विद्वत्तेने थक्क होऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु सुख त्यांच्या नशिबी फार काळ नव्हते. १८८० साली भाऊ निवर्तला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी नावाच्या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ साली मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ साली पती पटकीने वारले. तेवीस वर्षांची ती विधवा तान्ह्या मुलीस घेऊन पुण्यास आली. घरात कोंडून घेण्याऐवजी त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, आणि सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांस शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची किती गरज आहे, हे निर्भयपणे मांडले.

१८८३ साली त्या विलायतेस गेल्या. तेथे वाँटेज येथील भगिनीमंडळात राहत असता त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या; तेथे गावोगाव व्याख्याने देऊन आणि हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून त्यांनी लोकांची मने हलविली. बोस्टन येथे एक मंडळ स्थापन झाले व त्याने दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन ही विधवांची शाळा उघडली. पुढच्याच वर्षी ती पुण्यास आली. या शाळेची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिचा १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, आणि स्त्रीशिक्षणाच्या पुढील इतिहासात त्या उभयतांचे नाव अजरामर झाले.

आता एक अप्रिय प्रसंग सांगणे प्राप्त आहे. कारण चरित्र म्हणजे नुसती आरती नव्हे. शारदा सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे प्रथमपासून ठरले होते. परंतु रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या. त्यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या सुधारक सल्लागारांनी १८९३ साली संबंध सोडला, आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपल्या घरात आपणांस प्रार्थनेचे स्वातंत्र्य हवे आणि मुलींसही मनाचे स्वातंत्र्य हवे. पालकांचे म्हणणे असे की, ज्या विश्वासाने मुली सोपविल्या तो विश्वास राखला जावा. दोन्ही पक्षांत खरेपणा होता. मदत करणाऱ्याने हा प्रसंग नेहमी ध्यानात ठेवावा. ज्यास गरज आहे तो नाही म्हणू शकत नाही. म्हणूनच त्याच्या मनास अधिक जपले पाहिजे.

अमेरिकेतील साहाय्याची दहा वर्षे संपत आली होती. पुढे परक्यांच्या पैशावर विसंबून राहू नये म्हणून रमाबाईंनी दौंडहून पुण्याकडे जाताना लागणाऱ्या केडगावी सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळझाडे लाविली होती. (नगरजवळचे केडगाव ते हे नव्हे.) झाडे अजून लहान होती, तोच १८९६ सालचा दुष्काळ पडला. मध्यप्रांतातील बातम्या कानी येताच त्यांस आपले आईबाप आठवले. वर्तमानपत्रे वाचून हळहळत बसणे त्यांच्याने झाले नाही. त्या स्वतः तिकडे गेल्या. दुष्काळी कामांवरील छावण्या व अनाथगृहे त्यांनी डोळ्यांनी पाहिली. निराधार मुली अन्नापायी कशा नासविल्या जातात, हेही पाहिले. आणि मिळतील तितक्या मुलींस घेऊन त्या परतल्या. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांच्या आश्रयास आल्या.

तेवढ्यात पुण्यात प्लेग आला. शहरात नव्या मुली ठेवणे अशक्य झाले. तेव्हा केडगावच्या त्या उघड्या माळावर तंबू व गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची जी विटंबना होत होती, तिच्याविषयी रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारास जाब विचारला, व ते प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेले. गरिबास भाकरी देणे हा दयेचा अर्धा भाग. त्याच्यावर अन्याय होत असता बोलणे हा उरलेला अर्धा भाग, हे त्यांनी कृतीने दाखविले. सप्टेंबर १८९८ मध्ये या वसाहतीचे मुक्तिसदन म्हणून विधिपूर्वक उद्घाटन झाले.

परंतु तीनशे भुकेल्या, आजारी, भेदरलेल्या मुलींची निगा कोण राखणार? पगारी नोकर ठेवावयास पैसा नव्हता. येथेच या चरित्रातील सर्वांत शिकण्याजोगा भाग येतो. शारदा सदनात शिकलेल्या मुली शिक्षिका झाल्या व देखरेख करू लागल्या. मोठ्या मुलींनी लहान मुलींस आपल्या पदराखाली घेतले. न्हाऊ घालणे, केस विंचरणे, खरूज धुणे, रात्री उठून पाणी पाजणे, ही कामे त्यांनी केली. सगळ्याच मुली वाचल्या नाहीत; दुष्काळाने पोखरलेली शरीरे कित्येकदा अन्न मिळूनही सावरत नाहीत. तरीही सेवा थांबली नाही. आणि १९०० साली गुजराथेत दुष्काळ पडला तेव्हा मुक्तिसदनाच्या कार्यकर्त्या स्त्रिया तिकडे गेल्या व तेथील मुलींस घेऊन आल्या. सदनातील संख्या तेव्हा दोन हजारांच्या घरात गेली. तीन वर्षांपूर्वी ज्या स्वतः हाडांचे सापळे होऊन आल्या होत्या, त्यांतील कित्येक आता नव्यांची शुश्रूषा करीत होत्या. केडगावचे ख्रिस्ती मंडळ श्रीमंतांचे नव्हते. ते बहुतेक अशाच मुलींचे बनले होते. आम्ही गरीब, आम्ही काय देणार, असे म्हणावयास त्यांच्याइतका अधिकार कोणास होता? पण त्यांनी तसे म्हटले नाही.

मुक्तिसदनात नुसते बसून खाणे नव्हते. शेती, दूधदुभते, विणकाम, तेलघाणा, छापखाना, शिवण, स्वयंपाक, असे नाना उद्योग तेथे चालत. प्रत्येक मुलीने लिहावयास-वाचावयास शिकावे व एखादा धंदाही शिकावा, असा दंडक होता. ज्या मुलीच्या आईबापांस हातांनी काम येत नव्हते म्हणून उपासमार झाली, तिने तो दंडक घातला यात नवल ते काय? वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्ध व अपंगांसाठी प्रीतिसदन अशी निरनिराळी घरे झाली. अंध मुलींस बोटांनी वाचावयाची ब्रेल लिपी शिकविण्यात आली. आलेल्या देणग्यांचा व कामाचा वृत्तांत छापून प्रसिद्ध होई. दात्याचा विश्वास हीही एक ठेवच आहे, हे रमाबाई जाणून होत्या.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करण्यास घेतले. खेड्यातील अल्पशिक्षित बाईसही समजावे, एवढाच हेतू. खिळे जुळविण्यापासून छापण्यापर्यंतचे काम सदनातील स्त्रियाच करीत. १९१९ साली सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. मनोरमाबाईंनी आईच्या कामाचा मोठा भार उचलला, व त्या वेळी आपल्या बीडप्रमाणेच निजामाच्या राज्यात असलेल्या गुलबर्ग्यासही शाळा चालविली. परंतु २४ जुलै १९२१ रोजी त्या आईआधीच गेल्या. तो घाव सोसून रमाबाईंनी भाषांतर पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेविला. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मागून, १९२४ साली प्रसिद्ध झाला. मुक्तिसदनाचे कार्य केडगावी अद्याप चालू आहे.

सप्टेंबर २०२२ पासून आष्टीहून नगरला रेल्वे सुरू झाली. नगरहून दौंड, आणि दौंडहून थोडे पुढे केडगाव. विद्यार्थिमित्रांनो, संधी मिळाल्यास तेथे अवश्य जावे. पण त्या चरित्राचा उपयोग करण्यास इतक्या दूर जाण्याची आवश्यकता नाही.

आपल्या गल्लीतच पाहावे. आईबाप ऊसतोडीस गेल्यावर मागे कोण राहिले? कोणत्या घरी आजी एकटी आहे? कोणाची मुलगी कोयता उचलण्यासाठी शाळा सोडण्याच्या बेतात आहे? रमाबाई प्रथम पाहावयास गेल्या. आपल्या मंडळीनेही प्रथम पायांनी हिंडून पाहावे. एका कुटुंबाने एका आजीच्या घरी रोज पाण्याची घागर पोहोचवावी. शिवण येणाऱ्या बाईने दोन मुलींस शिवण शिकवावी. ज्यास अर्ज लिहिता येतो त्याने रविवारी दुपारी तास दोन तास बसून शिधापत्रिकेचे व निराधार योजनेचे अर्ज लिहून द्यावेत. वरच्या वर्गातील मुलांनी खालच्या वर्गातील मुलांचा अभ्यास घ्यावा. दारी आलेल्यास जात वा धर्म विचारू नये. आणि दिलेल्या मदतीच्या मोबदल्यात त्याच्या मनावर हक्क सांगू नये. जमलेल्या पैशाचा हिशेब सर्वांस दिसेल असा भिंतीवर लावावा.

आणि सर्वांत मुख्य गोष्ट ही की, ज्यास आज मदत केली त्यास उद्या आपल्या शेजारी काम करावयास बोलवावे. कारण घेणारा हा कायमचा घेणाराच आहे असे मानणे, यापरता त्याचा अपमान नाही. केडगावच्या माळावर त्या दुष्काळी मुलींनी दुसऱ्या दुष्काळी मुलींस कडेवर घेतले, तेव्हाच त्या खऱ्या अर्थाने मुक्त झाल्या.