संत जॉन बाप्तिस्ट द ला साल : मागें राहिलेल्या मुलांचे गुरु

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं देवाचे उपकार आठवतांना, ज्यांचा आम्हांस बहुधा विसर पडतो अशा मुलांचेंहि स्मरण व्हावें, असें आम्हांस वाटतें. प्रत्येक वर्गांत शेवटच्या बांकावर दोन-चार मुलें बसलेलीं असतात. वाचतांना त्यांची जीभ अडते, लिहितांना हात अडतो, आणि वर्ष संपण्यापूर्वींच मंद हा शिक्का त्यांच्या कपाळीं बसतो. अशा मुलांकरितां ज्यांनीं आपलें सर्वस्व वेंचलें, त्या संत जॉन बाप्तिस्ट द ला साल यांचें चरित्र वाचकांपुढें थोडक्यांत ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फ्रान्स देशांतील रीम्स शहरीं ३० एप्रिल १६५१ रोजीं एका श्रीमंत घराण्यांत त्यांचा जन्म झाला. वयाच्या सोळाव्या वर्षीं ते तेथील कॅथीड्रलचे कॅनन झाले, आणि १६७८ सालीं त्यांस धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. शाळा काढण्याचा विचार त्यांच्या मनांतहि नव्हता. परंतु १६७९ सालीं आद्रियां न्येल नांवाचे गृहस्थ गरीब मुलांसाठीं शाळा उघडण्यास रीम्सला आले, व त्यांस साह्य करतां करतां ला साल या कार्यांत गुंतले. शिक्षकांचें अज्ञान पाहून त्यांनीं १६८१ सालीं त्यांस आपल्याच घरीं राहण्यास आणिलें. आप्तेष्ट रुष्ट झाले. पुढें शिक्षकांनींच त्यांस सुनावलें कीं, ज्याचें पोट भरलेलें आहे त्यानें इतरांस ईश्वरी कृपेवर विसंबण्याचा उपदेश करणें सोपें असतें. हें बोलणें त्यांस लागलें. १६८३ सालीं त्यांनीं कॅननपद सोडलें, व १६८४-८५ च्या दुष्काळांत आपली संपत्ति अन्नदानांत वांटून टाकिली.

आतां त्यांच्या शिकविण्याची रीत पाहूं. त्या काळीं शिक्षक एकेका मुलास जवळ बोलावून धडा घेई, व बाकीचीं मुलें तोंवर रिकामीं बसत. ला साल यांनीं सारख्या तयारीच्या मुलांचे गट करून त्यांस एकत्र शिकविण्याची पद्धति आपल्या शाळांत रूढ केली. प्रथम अक्षरांचा तक्ता, मग अक्षरें जोडून होणाऱ्या उच्चारांचा तक्ता, त्यानंतर पुस्तक, अशा पायऱ्या त्यांनीं बांधिल्या. प्रत्येक पायरीवर नवशिके, मध्यम व तयार असे भेद ठेविले. पहिली पायरी पक्की झाल्यावांचून मुलास दुसरीवर चढवीत नसत. वाचन चांगलें झाल्यावरच लेखणी हातीं देत.

याहूनहि मोठी गोष्ट भाषेची. त्या काळीं मुलांस प्रथम लॅटिन वाचावयास शिकवीत. गरिबाचें मूल थोडेच दिवस शाळेंत राही. न समजणारे शब्द घोकण्यांतच ते दिवस संपत, आणि तें कोरेंच घरीं जाई. ला साल यांनीं प्रथम फ्रेंच वाचन सुरू केलें. एका बिशपांनीं यास आक्षेप घेतला, तेव्हां घरची भाषा सोपी व उपयोगी कां, हें त्यांनीं सविस्तर लिहून मांडिलें. दोष मुलाच्या बुद्धींत नसून शिकविण्याच्या रीतींत असतो, हें त्यांच्या कार्याचें सार होय.

विरोध पुष्कळ झाला. पॅरिसमध्यें लेखनकलेच्या शिक्षकांनीं आपला धंदा बुडतो म्हणून १७०४ सालीं त्यांजवर खटले भरले, व शाळेचें सामान जप्त करविलें. तरीहि त्यांनीं स्थापिलेला ख्रिस्ती शाळांच्या बंधूंचा संघ टिकला. ७ एप्रिल १७१९ रोजीं, गुड फ्रायडेच्या दिवशीं, रूआँ येथें त्यांनीं देह ठेविला. १९०० सालीं पोप तेरावे लिओ यांनीं त्यांस संत म्हणून घोषित केलें, व १९५० सालीं पोप बारावे पायस यांनीं त्यांस सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत नेमिलें.

हें चरित्र लिहितांना आमचें मन आम्हांसच विचारूं लागलें. धर्मशिक्षणाच्या वर्गांत अडखळणाऱ्या किती मुलांस आम्हींहि मागें बसविलें असेल! त्यांस पुस्तकी शब्द कळत नव्हते, आणि घरच्या बोलींत तोच अर्थ सांगून पाहण्याचे कष्ट आम्हीं घेतले नाहींत. ज्युबिलीच्या दिवशीं हा अपराध कबूल करणें बरें. प्रिय धर्मग्रामस्थहो, आपल्यापैकीं ज्यांस वाचतां येतें त्यांनीं सायंकाळच्या रोझरीनंतर अर्धा तास शेजारच्या एका अडखळणाऱ्या मुलाजवळ बसावें. तें जेथें अडलें असेल तेथूनच आरंभ करावा. या संताच्या मध्यस्थीनें परमेश्वर आम्हां सर्वांस तेवढा धीर देवो.