धागा तुटला की थांबणारा माग : साकिची तोयोदा यांची जीवनकथा



आपल्या शाळेतल्या मुलांचे कितीतरी पालक एमआयडीसीतल्या कारखान्यांत काम करतात. चाकण असो, वाळूज असो की सातपूर, तिथे कायझेन, फाइव्ह एस, लीन हे शब्द भिंतीवरच्या फलकांवर सहज दिसतात. कायझेन म्हणजे कामात रोज थोडी थोडी सुधारणा करत राहणे. लीन म्हणजे कामात वाया जाणारा वेळ, माल आणि श्रम शोधून ते कमी करणे. जपानच्या टोयोटा मोटार कंपनीमुळे ही पद्धत जगभर गाजली, हे आपण ऐकलेलं असतं. पण या पद्धतीचं एक महत्त्वाचं मूळ मोटारीत नाही, कापड विणण्याच्या मागात आहे. तो माग बनवणाऱ्या माणसाने आयुष्यात एकही मोटार बनवली नाही. त्यांचं नाव साकिची तोयोदा. आज त्यांची ओळख करून घेऊ आणि आपल्या वर्गासाठी त्यातून काय घेता येईल तेही पाहू.

सुताराचा मुलगा

साकिची यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८६७ रोजी झाला. आज ज्याला शिझुओका प्रांत म्हणतात, तिथल्या एका लहान खेड्यात. हे गाव आता कोसाई शहरात येतं. वडील शेती करत आणि सुतारकामही करत. साकिची यांचं शिक्षण प्राथमिक शाळेपुरतंच झालं. मग वडिलांच्या हाताखाली रंधा आणि करवत चालवायला शिकले.

त्या भागात घरोघरी हातमाग होते. गावातल्या बायका, त्यांची आईसुद्धा, दिवसभर राबून कापड विणत. कष्ट फार आणि हाती येणारं कापड थोडं. साकिची हे रोज पाहत होते. १८८५ साली जपानमध्ये पेटंटचा कायदा आला. नवीन काही शोधून काढलं तर त्यावर शोधणाऱ्याचा हक्क राहील, ही गोष्ट अठरा वर्षांच्या या मुलाच्या मनात घर करून बसली. आपण मागच सुधारायचा, असं त्यांनी ठरवलं.

घरच्यांना हे पटणारं नव्हतं. सुताराच्या मुलाने लाकडाचे तुकडे जोडत आणि मोडत बसायचं, म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही वाया, असंच गावाला वाटे. १८९० मध्ये टोकियोच्या उएनो भागात मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. साकिची तिथे गेले आणि एकदा बघून परतले नाहीत. यंत्रं कशी चालतात हे समजावं म्हणून ते पुन्हा पुन्हा जाऊन त्यांच्यासमोर उभे राहत. त्याच वर्षी त्यांचा पहिला सुधारित लाकडी हातमाग तयार झाला आणि १८९१ मध्ये त्याला पेटंट मिळालं. जुन्या मागावर दोन्ही हात गुंतत. या मागावर एकाच हाताने काम होई. कापड साधारण दीडपट निघू लागलं आणि विणही एकसारखी आली.

घराने सोसलेलं

थोर माणसांच्या गोष्टी सांगताना आपण बऱ्याचदा घरातल्यांचं दुःख गाळून टाकतो. इथे तसं करू नये असं मला वाटतं. साकिची प्रयोगांत बुडालेले, घरात पैशांची ओढाताण. १८९४ मध्ये मुलगा किइचिरो जन्मला आणि थोड्याच दिवसांत पत्नी घर सोडून गेल्या. बाळाला आजी-आजोबांनी सांभाळलं. पुढे साकिची यांनी दुसरं लग्न केलं आणि या पत्नीची त्यांच्या कामात मोठी साथ मिळाली. ध्यास चांगलाच, पण त्याची किंमत अनेकदा घरातली दुसरी माणसं मोजतात, हेही मुलांना कळायला हवं.

माग स्वतःच थांबतो

आता या गोष्टीचा गाभा बघू. १८९६ मध्ये साकिची यांनी वाफेच्या शक्तीवर चालणारा माग बनवला आणि १८९८ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. या मागाचा वेग जास्त होता, पण खरी हुशारी वेगळीच होती.

कापडात दोन प्रकारचे धागे असतात. उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. बाण्याचा धागा धोट्यातून इकडून तिकडे जातो. यंत्रमागाची अडचण अशी की त्याला डोळे नसतात. धागा तुटला तरी यंत्र आपलं खटखट चालतच राहणार. कुणाच्या लक्षात येईपर्यंत कितीतरी कापड खराब होऊन बाहेर पडणार. मग प्रत्येक मागाजवळ एक माणूस फक्त बघत राहण्यासाठी उभा करावा लागतो. साकिची यांनी १८९६ च्या मागातच अशी योजना केली की बाण्याचा धागा तुटला किंवा संपला, की माग आपोआप थांबेल.

पुढे ताण्याच्या धाग्यासाठीही अशीच युक्ती वापरली गेली. ती इतकी सोपी आहे की चौथीच्या मुलालाही समजते. प्रत्येक उभ्या धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी लटकवलेली. धागा ताणलेला आहे तोवर पट्टी वर अधांतरी राहते. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि तिच्यामुळे माग बंद होतो. कामगार येतो, धागा जोडतो, माग पुन्हा सुरू. खराब कापड पुढे जातच नाही.

यंत्राला जणू माणसाची थोडीशी समज दिली, असं या कल्पनेचं वर्णन करतात. जपानीत तिला जिदोका म्हणतात. टोयोटाची कामाची पद्धत ज्या दोन खांबांवर उभी आहे, त्यातला हा एक.

स्वतःच्याच कंपनीतून बाहेर

१९०७ मध्ये गुंतवणूकदारांच्या मदतीने साकिची यांच्या नावाची माग बनवणारी कंपनी सुरू झाली. पण नंतर धंदा मंदावला आणि त्याचं खापर त्यांच्या प्रयोगांवर फुटलं. १९१० मध्ये त्यांना ती कंपनी सोडावी लागली. वय ४३. नाव त्यांचं, शोध त्यांचा आणि कंपनी दुसऱ्यांची!

त्याच वर्षी ते अमेरिकेला गेले, तिथून युरोपला. तिथल्या गिरण्यांतले माग त्यांनी बारकाईने पाहिले. आपला माग कमी नाही, हे त्यांना कळून चुकलं. अमेरिकेत रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारीही त्यांनी पाहिल्या आणि त्या मनात राहिल्या. न्यूयॉर्कमध्ये जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने त्यांना धीर दिला. परत येऊन १९११ मध्ये त्यांनी नागोया शहरात स्वतःची विणकाम गिरणी उभी केली. आज त्या जागी टोयोटाचं उद्योग-तंत्रज्ञान संग्रहालय आहे.

या गिरणीत एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. माग सारखा थांबतो. का? धागा तुटतो म्हणून. धागा का तुटतो? सूतच चांगलं नाही म्हणून. मग कितीही चांगला माग बनवला तरी त्याची खरी परीक्षा कशी होणार? शेवटी १९१४ मध्ये त्यांनी सूतकताईही स्वतःच सुरू केली. माग सुधारायला निघालेला माणूस सुतापर्यंत मागे मागे गेला. एकामागून एक 'का' विचारत मूळ कारणापर्यंत जायचं, या पद्धतीला आज कारखान्यांत 'पाच वेळा का' म्हणतात आणि तिचं श्रेय साकिची यांना दिलं जातं.

शेवटचा मोठा शोध

१९२४ मध्ये जी प्रकारचा स्वयंचलित माग पूर्ण झाला. यात किइचिरो यांचाही वाटा होता. ज्या मुलाचं बालपण वडिलांच्या प्रयोगांत होरपळलं, तोच आता इंजिनिअर होऊन वडिलांबरोबर काम करत होता. या मागात धोट्यातलं सूत संपत आलं की माग पूर्ण वेगात चालू असतानाच धोटा आपोआप बदलला जाई. चूक झाली की थांबायचं आणि चूक नसेल तर विनाकारण थांबायचं नाही, या दोन्ही गोष्टी जमल्या. एकच कामगार तीसहून अधिक माग सांभाळू लागला.

१९२९ मध्ये इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने या मागाचे हक्क घेण्याचा १ लाख पौंडांचा करार केला. ज्या कंपनीची यंत्रं जपानी सूतगिरण्या विकत आणत, तीच आता जपानकडून शोध विकत घेत होती. पुढच्याच वर्षी, ३० ऑक्टोबर १९३० रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी साकिची यांचं निधन झालं.

किइचिरो यांनी मागाच्या कारखान्यातच १९३३ मध्ये मोटारींचा विभाग सुरू केला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी स्थापन झाली. तोयोदाचं टोयोटा झालं ते १९३६ मध्ये. तैइची ओनो हे तोयोदांच्या कापड कंपनीत १९३२ मध्ये नोकरीला लागले होते. १९४३ मध्ये ते मोटार कंपनीत आले आणि मागाची कल्पना त्यांनी माणसांच्या कामात आणली. काम करताना काही चुकतंय असं दिसलं, तर साध्या कामगारालाही संपूर्ण लाइन थांबवण्याचा अधिकार! लाइन थांबवणाऱ्याला रागवायचं नाही, सगळ्यांनी मिळून कारण शोधायचं.

टोयोटाचं नातं आपल्या मातीशीही आहे. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीमुळे आपल्याला परिचित असलेल्या किर्लोस्कर समूहाबरोबर १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी सुरू झाली. तिचा कारखाना बंगळुरूजवळ बिडदी इथे आहे.

आपल्या वर्गात काय घेता येईल?

मुलं म्हणजे काही कापड नव्हे आणि शाळा म्हणजे कारखाना नव्हे, हे आधी मान्य करू. तरी एक गोष्ट मात्र थेट लागू पडते. आपल्याकडे बहुतेक वेळा चूक कळते ती सत्र परीक्षेत. म्हणजे पूर्ण ठाण विणून झाल्यावर! दुसरीत तुटलेला धागा पाचवीत भागाकार चुकतो तेव्हा दिसतो. तोवर त्या मुलाने आपल्याला गणित येत नाही असं मनाशी पक्कं केलेलं असतं. नुकसान होतं ते इथे.

१. पट्टी लटकवा. नवीन घटक शिकवला की त्याच तासाला दोन छोटी उदाहरणं पाटीवर सोडवून घ्या आणि पाट्या वर धरायला सांगा. कुणाचा धागा तुटला ते मिनिटभरात दिसतं. वही तपासायला घरी नेण्याची वाट बघावी लागत नाही.

२. 'का' विचारा, पण कामाला विचारा. भागाकार चुकला. का? वजाबाकी चुकली. का? हातचा घेताना गोंधळ झाला. का? दशक सोडवला की दहा एकक होतात हे कळलेलं नाही. का? काड्यांचे गठ्ठे बांधणं-सोडणं हाताने केलेलंच नाही. आता उपाय सापडला, काड्या द्या. हेच 'का' आवाज चढवून मुलाला विचारले, तर ती उलटतपासणी होते आणि पुढच्या वेळी मूल चूक लपवतं.

३. थांबवण्याचा अधिकार मुलांना द्या. कळलं नाही म्हणून हात वर करणारं मूल तासाचा खोळंबा करत नाही, ते लाइनची दोरी ओढतंय. त्याला शाबासकी द्या. एकाने थांबवलं की आणखी चार जणांची शंका फिटते.

४. सुधारणा लहान ठेवा. खडू-डस्टरची जागा ठरवणं, वह्या रांगेनुसार गोळा करणं, अशा गोष्टींनी रोज पाच मिनिटं वाचली तरी महिन्याच्या २४ दिवसांत दोन तास हाती येतात. तो वेळ मागे पडलेल्या मुलांना द्या.

पालकांनाही एक विनंती. निकालाच्या दिवशी गुणांवरून बोलण्यापेक्षा रोज संध्याकाळी आज कुठे अडलं एवढंच विचारा. उत्तर ऐकून लगेच रागावू नका. रागावलं की दुसऱ्या दिवशी उत्तर येतं, कुठेच नाही.

वरच्या वर्गात आणखी एक प्रश्न चर्चेला घ्या. एक माणूस तीस माग सांभाळू लागला तेव्हा बाकीच्या विणकरांचं काय झालं असेल? आपल्या राज्यातही यंत्रमाग आले तशी हातमागावर पोट असलेल्यांची कामं गेली. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, सोलापूर या भागांतल्या मुलांनी घरच्या मोठ्या माणसांना याबद्दल जरूर विचारावं. यंत्रामुळे कष्ट वाचतात आणि कुणाचं काम जातंही, या दोन्ही बाजू मुलांनी पाहायला हव्यात.

साकिची यांच्या मागाचं मोठेपण तो किती वेगाने धावतो यात नव्हतं. कुठे थांबायचं हे त्याला कळत होतं. आपल्याला वर्षभरात अभ्यासक्रम पूर्ण करायचा असतो, त्यामुळे थांबायची भीती वाटते, हे मी रोज अनुभवते. पण वर्ग पुढे गेला आणि मूल मागेच राहिलं, तर पूर्ण झालेल्या अभ्यासक्रमाचा त्या मुलाला काय उपयोग? उद्याच्या गणिताच्या तासाला कुणाचा तरी एक धागा तुटेल. तेवढ्यापुरतं थांबू, तो जोडू आणि मग पुढे जाऊ.