कै. अण्णासाहेब किर्लोस्कर आणि त्यांची पदे

जे गीत लोकांच्या ओठी बसते, त्याचा कर्ता लोकांच्या स्मरणातून हळूहळू नाहीसा होतो, असा जगाचा रिवाज आहे. गाणारा आठवतो, चाल आठवते. परंतु ते गीत कोणी रचले, आणि रचताना त्याच्या मनात काय होते, हे विचारले असता पुष्कळांस निरुत्तर व्हावे लागते. आमच्या मुळशी खोऱ्यातील वडीलधाऱ्या स्त्रियांस जात्यावरच्या असंख्य ओव्या मुखोद्गत असत. धरणाच्या पाण्याखाली गावे गेली, पण ओव्या बुडाल्या नाहीत. पुढे हेमा राईरकर व गी पॉइटवाँ ह्यांनी ह्या डोंगरी गावांतून त्या गोळा करविल्या, म्हणून त्यांतील कित्येक आज लिहिलेल्या सापडतात. ह्या ओव्यांचा मूळ कर्ता कोण, हे सांगता येत नाही. परंतु ज्या नाट्यपदांनी एके काळी सर्व महाराष्ट्रास वेड लावले, त्यांच्या आद्य कर्त्याचे चरित्र आपणांस ठाऊक आहे. ते विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनीही वाचण्याजोगे असल्यामुळे येथे थोडक्यात देण्याचे आम्ही योजिले आहे.

बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर ह्यांचा जन्म 31 मार्च 1843 रोजी, आज कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात असलेल्या गुर्लहोसूर ह्या गावी झाला. योगायोग असा की, ह्याच वर्षी सांगली येथे विष्णुदास भावे ह्यांनी सीतास्वयंवराचा प्रयोग करून मराठी रंगभूमीचा पाया घातला. जणू रंगभूमी आणि तिला पुढे कंठ देणारा पुरुष ही दोन्ही भावंडे एकाच साली जन्मास आली! बालपण कानडी मुलखात गेल्यामुळे मराठी व कानडी ह्या दोन्ही भाषांचे सूर बळवंतांच्या कानांवर सारखेच पडले. ह्या गोष्टीचे फळ पुढे कसे मिळाले, ते यथाक्रम येईलच.

पुढील शिक्षणाकरिता ते कोल्हापुरास व नंतर पुण्यास आले. पुण्यास आलेल्या मुलाने परीक्षा द्यावी, चांगली नोकरी धरावी व घराण्याचे नाव राखावे, ही वडीलमाणसांची अपेक्षा त्या काळीही आजच्यासारखीच होती. परंतु बळवंतांचे चित्त पुस्तकांपेक्षा नाटकमंडळ्यांच्या बिऱ्हाडांत अधिक रमू लागले. मंडळ्यांस पदे हवी असत आणि ह्या तरुणाच्या हातून पदे सहज उतरत. परिणाम व्हावयाचा तोच झाला. शिक्षण अपुरे राहिले. नाटकाचा धंदा त्या काळी प्रतिष्ठित गणला जात नसे. तेव्हा शिकावयास पाठविलेला मुलगा नाटकवाल्यांच्या संगतीस लागला, ह्या गोष्टीचे घरच्या माणसांस काय वाटले असेल, हे आमच्या वाचकांपैकी जे पालक आहेत त्यांस सांगावयास नकोच.

येथे आमच्या बालवाचकांनी घाईने भलताच बोध घेऊ नये. अभ्यास सोडल्यामुळे अण्णासाहेब मोठे झाले, असे मुळीच नाही. त्यांनी बेळगाव येथे शिक्षकाचे काम केले आणि तेथेही हौशी नाटकमंडळी उभी केली. पुढे ते पुण्यास महसूल कमिशनरच्या कचेरीत नोकरीस लागले. दिवसा शाळा किंवा कचेरी आणि उरल्या वेळात नाटक, असा क्रम कित्येक वर्षे चालला. शिवाय संस्कृत काव्यनाटकांचा त्यांनी जो व्यासंग केला तो कोणत्याही परीक्षेकरिता नव्हता. तो नसता तर कालिदास त्यांच्या हाती आलाच नसता. बेळगावातील त्यांच्या विद्यार्थ्यांत गोविंद बल्लाळ देवल हे एक होते. गुरूने लावलेले रोप पुढे किती वाढले ते ह्या नावावरून सुज्ञांस कळेलच.

इ. स. 1880 साली पुण्यास एका पारशी नाटकमंडळीने इंद्रसभा ह्या उर्दू संगीत नाटकाचा खेळ केला. तो पाहून, असे गाणारे नाटक आपल्या मराठीत का असू नये, हा विचार अण्णासाहेबांच्या मनाने घेतला. त्याच वर्षी तिकडे लंडन शहरी गिल्बर्ट व सुलिव्हन ह्या जोडीची हलकीफुलकी संगीत नाटके लोकांची गर्दी खेचीत होती. एकमेकांस सर्वथा अपरिचित अशा ह्या दोन नगरांत माणसांची आवड एकाच दिशेने वळत होती, हे पाहून मौज वाटते.

आता मराठीत गाणे नव्हते असे नाही. भाव्यांच्या पद्धतीच्या नाटकांत पदे पुष्कळ असत. पण ती सर्व सूत्रधाराने म्हणावयाची. राजा असो, राक्षस असो की शोकाकुल राणी असो, त्यांच्या मनीचे दुःख सूत्रधार गाऊन सांगे आणि पात्रांनी आपापली भाषणे बहुधा आयत्या वेळी जुळवून म्हणावी. अण्णासाहेबांनी केले ते एवढेच की, ज्याचे दुःख त्याच्याच मुखी त्याचे गाणे घातले. बदल लहान दिसतो, परंतु त्याने रंगभूमीचे रूप पालटले.

कालिदासाच्या शाकुंतलाचा मराठी अवतार त्यांनी सिद्ध केला आणि त्याच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यातील आनंदोद्भव नाटकगृहात झाला. स्वतः अण्णासाहेब सूत्रधार होते, मोरोबा वाघोलीकर दुष्यंत झाले आणि बाळकोबा नाटेकर कण्व. चौथ्या अंकात कण्वमुनी शकुंतलेस सासरी पाठवितात. अरण्यात राहणारा विरक्त तपस्वी, पण लाडकी लेक निघाली म्हणून त्याचाही कंठ दाटून येतो. हा प्रसंग प्रेक्षकांस कथेने ठाऊक होता. परंतु बाप आपल्याच आवाजात गाऊन लेकीस निरोप देत आहे, हे त्यांनी त्या दिवशी प्रथम ऐकले. ज्याने घरची मुलगी सासरी पाठविली आहे त्याला ह्या पदांची गोडी समजावून सांगण्याचे कारण नाही.

पदे लोकप्रिय झाली ह्याचे दुसरे कारण त्यांच्या चालींत आहे. अण्णासाहेबांनी केवळ गवयांच्या दरबारी रागदारीचा हट्ट धरला नाही. कीर्तनातील साकी व दिंडी, तमाशातील लावणी, लहानपणी ऐकलेल्या कानडी गीतांच्या चाली, ह्या सर्वांस त्यांनी आपल्या नाटकात आदराने जागा दिली. शाकुंतलात सुमारे दोनशे पदे आहेत. इतकी पदे एका रात्रीत ऐकून लोक कंटाळले नाहीत, कारण त्यांतील चाल कोठेतरी घरच्या ओळखीची निघे. मंदिरातला श्रोता आणि फडातला श्रोता, पंडित आणि साधा दुकानदार, हे एका छपराखाली बसून एकाच पदास माना डोलावू लागले.

इ. स. 1882 च्या नोव्हेंबरात सौभद्राचे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले व पुढील वर्षी ते नाटक पूर्ण झाले. सुभद्रेचे लग्न दुर्योधनाशी करावे, हा वडील बंधू बलरामाचा निश्चय. तिचे मन मात्र अर्जुनावर जडलेले. कृष्णाच्या युक्तीने अर्जुन यतिवेष घेऊन येतो आणि शेवट गोड होतो. पात्रे पुराणातील खरी, परंतु त्यांचे रुसवेफुगवे, भावाबहिणींचे वाद आणि मुलीच्या लग्नाची चिंता ही सर्व मराठी घरातली. ह्याच वर्षी बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले. स्त्रियांनी रंगभूमीवर येण्याचा प्रघात त्या काळी नव्हता. स्त्रीभूमिका पुरुषच करीत. भाऊरावांच्या तेजस्वी आवाजाने अण्णासाहेबांची पदे गावोगाव पोचली.

परंतु कर्त्यास आयुष्य थोडे लाभले. रामराज्यवियोग ह्या तिसऱ्या नाटकाचे तीन अंक इ. स. 1884 त रंगभूमीवर आले, आणि उरलेले लिहून होण्यापूर्वीच 2 नोव्हेंबर 1885 रोजी गुर्लहोसूर येथे अण्णासाहेबांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे 42 वर्षांचे होते. शाकुंतलाच्या पहिल्या प्रयोगापासून मोजले तर त्यांच्या यशाचा काळ पाच वर्षांचाच भरतो. त्यापूर्वीची वीसेक वर्षे खटाटोपात व उमेदवारीत गेली.

त्यांच्यामागे त्यांच्या नावाची मंडळी चालली. शिष्य देवल ह्यांनी इ. स. 1899 त शारदा नाटक लिहून, कोवळ्या मुलींस पैशाच्या लोभाने वृद्धांच्या गळ्यात बांधण्याच्या दुष्ट चालीवर गाण्यांतूनच प्रहार केला. गुरूने पात्राच्या मुखी गाणे दिले होते; शिष्याने जिला घरात तोंड उघडण्याची मुभा नव्हती अशा मुलीच्या मुखी ते दिले. इ. स. 1905 त बालगंधर्व ह्याच मंडळीत येऊन प्रथम शकुंतला झाले. मागाहून ध्वनिमुद्रिका आल्या आणि ज्यांनी नाटकगृहाचे दारही पाहिले नव्हते अशांच्या घरी नाट्यपदे शिरली. शाकुंतलाची नांदी आजही गायिली जाते व सौभद्राचे प्रयोग आजही होतात.

असो. ह्या चरित्रापासून आम्हांस दोन गोष्टी घेण्याजोग्या वाटतात. मुलांनी हे ध्यानात ठेवावे की, आवड असणे निराळे आणि त्या आवडीकरिता दिवसाचे काम सांभाळून वर्षानुवर्षे श्रम करणे निराळे. पहिली पुष्कळांस असते, दुसरे थोड्यांस साधते. पालकांनी हे ध्यानात ठेवावे की, मुलाच्या ज्या छंदाने आज घरात काळजी पसरली आहे त्यात एखादे वेळी साऱ्या प्रांताचा ठेवा दडलेला असू शकतो. म्हणून त्यास रागे भरण्यापूर्वी, तो त्या छंदासाठी कष्ट करितो की केवळ वेळ दवडितो, एवढे तरी पाहावे. आणि ह्यापुढे एखादे जुने गाणे कानांवर पडले म्हणजे गाणाऱ्याची वाहवा अवश्य करावी. पण ते रचिले कोणी, हेही एकदा विचारावे. गेलेल्या कवीचे ऋण फेडण्याचा ह्याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाही.