वाहत्या पाण्याला कामाला लावणारे अल्-जझरी

दजला आणि फुरात या दोन नद्यांमधील उत्तरेकडच्या प्रदेशास अरबीत अल्-जझीरा म्हणतात. या प्रदेशाच्या नावावरूनच बदीउज्जमान अबुल इज्ज इस्माईल हे थोर यंत्रकार अल्-जझरी म्हणून ओळखले जातात. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात दजलेच्या काठावरील दियारबकर येथे अर्तुकी घराण्याची सत्ता होती. त्या दरबारी अल्-जझरींनी पिता व त्याचे दोन पुत्र अशा तीन राज्यकर्त्यांची सेवा केली. त्यांपैकी नासिरुद्दीन महमूद यांच्या आज्ञेवरून त्यांनी आपल्या यंत्रांचा ग्रंथ रचला. तो हिजरी 602, म्हणजे इ.स. 1206 मध्ये पूर्ण झाला. त्यात 50 यंत्रांची रचना आकृत्यांसह सांगितली आहे.

त्यांपैकी पाच यंत्रे पाणी वर चढविण्याची आहेत. एका यंत्रात वरच्या हौदातून पडणारे पाणी चमच्यासारखी खोलगट पाती लावलेल्या चाकावर येते. चाक फिरते, दंतचक्रांमार्फत ती गती वर पोहोचते आणि मडक्यांची माळ पाणी उपसू लागते. वर लाकडाची गाय फिरताना दिसते. पाहणाऱ्यास वाटते की तीच रहाट ओढत आहे. वस्तुतः सारे श्रम पाण्याचे असतात.

पात्यांचा खोलगटपणा येथे महत्त्वाचा आहे. सपाट फळीवर आदळलेले पाणी सभोवार उडते व त्याचा बराच जोर वाया जातो. खोलगट पाते तेच पाणी धरून वळविते, म्हणून चाकास अधिक शक्ती मिळते. अल्-जझरींच्या काळी वीज नव्हती. परंतु आज जलविद्युत केंद्रातील टर्बाइनचे पाते घडविताना अभियंत्यापुढे हाच प्रश्न असतो.

त्यांचे आणखी एक यंत्र नदीच्या प्रवाहाने फिरणाऱ्या चाकावर चालते. चाकाची गोल गती दांड्याच्या साहाय्याने पुढे-मागे होणाऱ्या गतीत बदलते. समोरासमोर बसविलेल्या तांब्याच्या दोन नळकांड्यांतील दट्टे आळीपाळीने पाणी ओढतात व वर ढकलतात. झडपा पाण्यास मागे फिरू देत नाहीत.

अशी यंत्रे केवळ कल्पनेने चालत नाहीत. लाकूड वाकू नये म्हणून अल्-जझरी पातळ फळ्या एकावर एक जोडीत. चाकाची कोणती बाजू जड आहे हे पाहून ते त्याचा तोल साधीत. झडप घट्ट बसावी म्हणून ती कुरुंदाच्या पुडीने घाशीत. रचना ठरविण्यासाठी आधी कागदाचे नमुने करीत. प्रत्यक्ष करून न पाहिलेले यंत्रज्ञान त्यांच्या दृष्टीने खरे-खोटे यांच्यामध्ये लोंबकळणारे होते. पूर्वसूरींचे ऋणही त्यांनी लपविले नाही. बनू मूसा बंधूंचा आणि आर्किमिडीजच्या नावाने चालत आलेल्या जलघड्याळाचा त्यांनी स्पष्ट उल्लेख केला. जेथे पूर्वीची रचना अपुरी वाटली, तेथे त्यांनी ती सुधारली.

राजाला वुजू करताना सेवकाने हातावर पाणी ओतणे आवडत नसे. म्हणून अल्-जझरींनी आपोआप पाणी ओतणारे यंत्र तयार केले. ज्या हातांनी राजमहालाची अद्भुत घड्याळे घडविली, त्याच हातांनी वुजूच्या पाण्याचीही सोय केली.

वाचकहो, अशा पुरुषांची नावे आपण अभिमानाने घेतो. परंतु नदी कोणाच्या पूर्वजांची नावे विचारीत नाही. अल्लाहने दिलेल्या पाण्यातील शक्ती ज्याचे पाते नीट घडलेले आहे, ज्याच्या चाकाचा तोल साधलेला आहे, त्यालाच लाभते. अल्-जझरींचा वारसा हवा असेल, तर आपल्या मुलांना त्यांचे नाव शिकवून थांबता येणार नाही. त्यांच्या हाती पट्टी, कानस आणि दंतचक्रही द्यावे लागेल, आणि चुकलेला नमुना पुन्हा करण्याचा धीरही शिकवावा लागेल.